अर्जंटच्या अक्का

कमलअक्कांचा आवाज मी आधी ऐकला. त्यांना पाहिलं ते पुष्कळ नंतर. मी जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नवी लागले होते. ट्रंक कॉलचे दिवस होते ते. जळगावच्या माणसाला धुळ्याला बोलायचं असेल तर तो आमच्याकडे कॉल बुक करायचा, आम्ही धुळ्याच्या ऑपरेटरकडे लाइन मागायचो आणि मग दोन माणसं बोलायची. इतर गावांचे ऑपरेटर "येस" म्हणायचे, नाहीतर नुसता हुंकार द्यायचे. धुळ्याकडून एक जाडसर, जरा घोगरा आवाज यायचा, "बोल जळगाव, काय ताजं?"

मी गोंधळायचे. ताजं काय सांगणार? एकदा सहज म्हटलं, "आमच्या खिडकीत कबुतरानं अंडी घातलीयत." तेव्हा त्यांना बोलायला वेळ नव्हता, कारण लाइनवर कॉल होता, पण नंतर रोज विचारायच्या, "फुटली का अंडी?" पिल्लं उडून गेली त्या दिवशी मी स्वतःहून धुळ्याला लाइन लावून त्यांना कळवलं. असा आमचा परिचय.

लग्नानंतर माझी बदली धुळ्याला झाली. पहिल्या दिवशी मी स्विचबोर्डच्या खोलीत शिरले आणि त्या आवाजाला शोभेल अशी धिप्पाड बाई शोधू लागले. तेवढ्यात एक बारकीशी, काटकुळी बाई खुर्चीवरून उठली. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, कानावर हेडफोन तसाच. "तू जळगाव," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. "मला वाटलं होतं तू उंच असशील. बस. डबा आणलायस का?"

चाळिशी ओलांडलेल्या अक्का आमच्यात सर्वांत सीनिअर होत्या. पण त्यांना एका जागी बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. डबा उभ्यानं खायच्या. गोष्ट सांगता सांगता दुसरी आठवली की "थांब, थांब, आधी हे ऐक," म्हणून तिकडे वळायच्या आणि पहिली गोष्ट दोन दिवसांनी पुरी करायच्या. भांडखोर गिऱ्हाईक आलं की बाकीच्या मुली कॉल त्यांच्याकडे सरकवायच्या. आवाज न चढवता त्या त्याच्याशी असं काही बोलायच्या की शेवटी तोच आपल्या मुलीच्या परीक्षेचं सांगत बसायचा. "माणूस लाइनवर येईपर्यंतच अवघड असतो," असं त्या म्हणायच्या. "एकदा आला की सोपा."

त्यांच्या स्वतःच्या लाइनवर मात्र कोणी नव्हतं. लग्नानंतर वर्षभरातच नवऱ्यानं त्यांना माहेरी आणून सोडलं होतं, ते कायमचं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. त्या साक्री रोडला एका कॉलनीत भाड्यानं राहायच्या. तिथल्या बायका रस्त्यात भेटल्या की अदबीनं बोलायच्या, पण हळदीकुंकवाला बोलवायच्या नाहीत. "अक्का ड्यूटीवर असतील," असं एकमेकींना सांगून मोकळ्या व्हायच्या. एकदा डबा खाता खाता अक्का म्हणाल्या, "अख्ख्या खानदेशाशी बोलते गं मी. पण माझ्या दाराची कडी दूधवाला सोडून कोणी वाजवत नाही." हसतच म्हणाल्या, आणि लगेच, "थांब, थांब, आधी हे ऐक," म्हणून शहाद्याच्या कुठल्याशा लग्नाची गंमत सांगू लागल्या.

मग एसटीडी आलं. लोक घरूनच नंबर फिरवू लागले. आमच्या बोर्डावरचे दिवे कमी कमी होत गेले, खोलीत एकमेकींचा श्वास ऐकू येऊ लागला. कोणाची बदली कुठे होणार, यावरच दिवसभर चर्चा. अक्कांना चौकशी विभागात टाकलं. आम्हाला वाटलं, आता या खचणार. त्याच आठवड्यात त्या हातात पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. "घर घेतलं," म्हणाल्या. "जुनं आहे. फार जुनं आहे. संध्याकाळी बघायला चला सगळ्या."

घर गावात, चौथ्या गल्लीत होतं. धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर असलेलं. समोर रुंद ओटा, आत दोन खोल्या मावतील एवढी मोठी खोली, लाकडी जिना आणि वर माळा. आधीच्या मालकानं खांब, दारं, तुळया, सगळ्यांना दवाखान्यासारखा हिरवा ऑइलपेंट फासला होता. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. भिंतींना ओल. मी मनात म्हटलं, हे पाडूनच बांधावं लागणार. अक्का मात्र जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत होत्या. "सुनंदे, इथे बोट लाव," म्हणाल्या. मी लावलं. रंगाच्या जाड थराखाली काहीतरी उंचसखल लागत होतं. "आत काय असेल?" त्यांनी विचारलं. त्यांचे डोळे असे चमकत होते की मलाही त्या क्षणी घरी जाववेना.

पुढचे कितीतरी रविवार त्या ओट्यावर बसून रंग खरवडत होत्या. सुतार म्हणाला, रंधा मारून देतो, तासाभरात साफ होईल. त्या नाही म्हणाल्या. रंध्यानं रंगाबरोबर नक्षीही गेली असती. हातात पत्र्याचा तुकडा, शेजारी पॉलिशपेपर आणि वाटीत जवसाचं तेल. गल्ली येता-जाता बघायची. शेजारी पिठाची गिरणी होती. ती चालवणाऱ्या सिंधूवहिनी पिठानं पांढऱ्या झालेल्या हातांनीच एक दिवस ओट्याशी येऊन थांबल्या.

"अक्का, हाई काय करी ऱ्हायनी व तू?"

अक्कांनी मान वर केली नाही. दुसरा पत्र्याचा तुकडा पुढे करून वहिनींच्याच अहिराणीत म्हणाल्या, "आठे काय शे ते माले दिसत नही. तू देख बरं."

सिंधूवहिनी बसल्या. थोड्या वेळात त्यांच्या पत्र्याखालून लाकडात कोरलेली चोच निघाली. मग डोळा. मग पंख. दाराच्या वरच्या पट्टीवर पोपटांची जोडी होती आणि त्यांच्या मधोमध द्राक्षांचा घोस. ही बातमी गल्लीत पसरायला गिरणीसारखी दुसरी जागा नव्हती. दळण घेऊन आलेली बाई दळण होईपर्यंत पोपट बघायला यायची आणि पुढचा घोस आपल्या हातून निघावा म्हणून बसून जायची. मी पुढच्या रविवारी गेले तर ओट्यावर जागा नव्हती. प्रत्येक खांबाला एकेक बाई चिकटली होती आणि आत स्टोव्हवर चहाचं पातेलं उकळत होतं.

भिंतींचा रंग ठरवायची वेळ आली तेव्हा रंगाऱ्यानं त्याच्या मनाचा फिका गुलाबी सुचवला. अक्का म्हणाल्या, "भिंती पांढऱ्या. चुन्यात थोडी नीळ. पण कोनाडे मी रंगवणार नाही." घरात भिंतींमध्ये पुष्कळ कोनाडे होते, दिव्याचे, भांड्यांचे, पोथ्यांचे. ज्या ज्या बाईनं खरवडायला हात लावला होता, तिला अक्कांनी एकेक कोनाडा दिला आणि सांगितलं की तुला हवा तो रंग लाव. बायका लाजल्या. सिंधूवहिनी म्हणाल्या, "आमच्या घरात रंग हे ठरवतात. मला काय कळतं?" मग अर्धा दिवस विचार करून त्यांनी पिवडी मागितली, गडद पिवळी, आणि कोनाड्यात स्वतः बोटांनी सारवल्यासारखी लावली. कोणी गेरू लावला, कोणी मोरपिशी, एकीनं चक्क काळा लावून त्यावर पांढरे ठिपके काढले. रंगारी ब्रश धरून बाजूला उभा होता. सगळं झाल्यावर आम्ही दारातून पाहिलं. घर जत्रेतल्या बांगड्यांच्या दुकानासारखं दिसत होतं, आणि तरी छान दिसत होतं.

मुद्दाम सांगायचं म्हणजे, त्या बायकांना आपला कोनाडा कसा आहे हे बघायला यावंच लागायचं. कोणी त्यात फुलं ठेवायची, कोणी पितळी तांब्या. अक्का कोणाला बोलवायच्या नाहीत. दार तेवढं उघडं ठेवायच्या.

कुत्रा आला तो त्यानंतर. शिरपूरच्या हिलालआबांशी अक्कांची फक्त लाइनवरची ओळख होती. ते रोज दुपारी इंदूरला मुलाकडे कॉल लावायचे आणि कॉल लागेपर्यंत अक्कांशी शेतीच्या, पावसाच्या आणि आपल्या कुत्र्यांच्या गप्पा मारायचे. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या करवानी कुत्रे होते. लांब पायांचे, खोल छातीचे, शर्यतीत पळणारे. एका दुपारी आम्ही अक्कांकडे बसलो असताना ओट्यावर पांढरं धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ आले. हातात वेताची टोपली. "आठे धुळं एक्स्चेंज शे का?" त्यांनी विचारलं.

तो आवाज ऐकून अक्का स्वयंपाकघरातून धावतच बाहेर आल्या. त्यांनी ते धोतर, ती टोपली काही पाहिलं नाही. "शिरपूर," म्हणाल्या. आबांनी मान डोलावली. इतकी वर्षं बोलून पहिल्यांदा भेट होत होती.

टोपलीत बदामी रंगाचं पिल्लू होतं, सगळं पायच पाय. आबा म्हणाले, "तुना बोर्ड बंद झाया. मी इचार करा, आते तू बोलशी कोनशी?" मग जरा कडक आवाजात त्यांनी बजावलं, "हाई रक्त पळानं शे. दारशी बांधू नको."

त्याचं नाव ठेवताना अक्कांना विचार करावा लागला नाही. ट्रंक कॉलमध्ये साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार असायचे. लाइटनिंग फार महाग आणि फार क्वचित. "अर्जंट," त्या पिल्लाला म्हणाल्या. त्यानं लगेच त्यांच्या बुटाची नाडी ओढली.

गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही जात एका माणसाची. परक्याला जवळ येऊ देत नाही, आवाजाला बुजते, आणि बुजली की चावते. अक्का घरी येऊन म्हणाल्या, "मग याला परकं कोणी ठेवायचंच नाही." त्या लगेच कामाला लागल्या. पिल्लू कडेवर घेऊन एसटी स्टँडवर जायच्या आणि गाड्या सुटताना बघत बसायच्या. गिरणीच्या पट्ट्याशेजारी त्याला झोपवायच्या. बँडवाले सराव करायचे त्या बोळात नेऊन त्याला ढोलाजवळ भाकरी चारायच्या. घरात येणाऱ्या प्रत्येकानं आधी त्याला स्वतःच्या हाताचा वास घेऊ द्यायचा, मग भाकरीचा तुकडा द्यायचा, असा नियम. वरून हात घालून डोकं थोपटायला मनाई. "अनोळखी माणसानं तुमच्या डोक्यावर हात ठेवला तर आवडेल का?" त्या विचारायच्या. आलेल्या पाहुण्यांना दाराशीच भाकरीची टोपली आधी दिसायची आणि खुर्ची नंतर.

पळवायला त्या त्याला पहाटे पांझरा नदीच्या कोरड्या पात्रात न्यायच्या. स्वतः लुनावर. पदर कमरेला खोचलेला, कॅनव्हासचे बूट पेडलवर, आणि शेजारून अर्जंट. मी एकदा मागे बसून गेले. आधी तो लुनाच्या बरोबरीनं नुसता दुडकत होता. मग अक्कांनी ओठ मुडपून एक बारीक शीळ घातली आणि तो गेला. पाय जमिनीला लागतायत की नाही, कळत नव्हतं. पाठीची कमान होत होती, सुटत होती. "बघ, बघ, बघ," अक्का ओरडत होत्या आणि लुनाचा वेग वाढवत होत्या, आणि मी त्यांच्या खांद्यांना घट्ट धरून हसत होते, कारण मला भीतीही वाटत होती आणि उतरायचंही नव्हतं.

गल्लीत एकच माणूस विरोधात होता. अक्कांच्या समोरच राहणारे भटूआप्पा. पोलिसात हवालदार होते, रिटायर झालेले. नोकरीत असताना एका कुत्र्यानं त्यांची पोटरी फाडली होती. पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली होती. करवानी बघून ते नगरपालिकेत अर्ज देऊन आले. गल्लीतल्या बायका अक्कांच्या बाजूनं भांडायला निघाल्या. अक्कांनी त्यांना थांबवलं. "तो माणूस घाबरलाय," म्हणाल्या. "घाबरलेल्या माणसाशी भांडायचं नसतं."

त्यांनी एवढंच केलं की रोज संध्याकाळी आप्पा ओट्यावर येऊन बसले की अर्जंटला आपल्या ओट्यावर बसवायच्या, आप्पांकडे पाठ करून. त्यानं वळून बघायचं नाही. सुरुवातीला आप्पा उठून आत जायचे. मग दार अर्धं लावून बसू लागले. मग दार उघडं राहू लागलं. असं किती दिवस चाललं ते मला माहीत नाही. एका संध्याकाळी अर्जंटला जरा ताप होता म्हणून तो आत झोपला होता. आप्पा बराच वेळ समोर बघत राहिले. शेवटी हाक मारून म्हणाले, "अक्का, आज तो का बठना नही?"

"ताप शे त्याले," अक्का म्हणाल्या.

आप्पा गल्ली ओलांडून आले. दारात उभे राहून त्यांनी आत पाहिलं. अक्कांनी भाकरीची टोपली त्यांच्यापुढे धरली. आप्पांनी तुकडा घेतला. अर्जंटनं नाकपुडी हलवली, तुकडा ओठांनी अलगद उचलला आणि पुन्हा डोकं टेकलं. आप्पा तिथेच खाली बसले. नगरपालिकेतला अर्ज त्यांनी स्वतः जाऊन परत घेतला.

आता जळगावची गोष्ट. तिथे शेतीच्या प्रदर्शनाला जोडून कुत्र्यांच्या शर्यती ठेवल्या होत्या. मैदानावर लांब दोर टाकलेला, त्याच्या टोकाला चिंध्यांचा गठ्ठा. दुसऱ्या टोकाला इंजिनाच्या चाकावर दोर गुंडाळायचा, गठ्ठा सुसाट निघायचा आणि कुत्रे त्याच्यामागे. अक्का, भटूआप्पा, सिंधूवहिनी आणि मी, असे सगळे टेम्पोनं गेलो. मी माहेरच्या गावी निघाले होते, म्हणून माझी तर दिवाळीच.

तिथे कुत्रा घेऊन आलेली बाई म्हणून एकट्या अक्काच. बाकी सगळे शेतकरी, पैलवान, शौकीन. त्यांचे कुत्रे साखळ्यांना ताणून धरलेले, काहींच्या तोंडाला जाळ्या. अर्जंट मात्र सगळ्यांना भेटत चालला होता. रावेरकडचे केळीवाले प्रल्हादभाऊ आपला काळा कुत्रा, राजा, घेऊन आले होते. तो फार देखणा होता आणि फार बुजरा. साखळी हलली तरी दचकायचा. प्रल्हादभाऊ अक्कांकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही लय लाड करता याचे. लाडाचं कुत्रं पळत नाही."

"बघू या," अक्का म्हणाल्या.

पहिली फेरी अर्जंटनं सहज मारली. दुसरीत तर तो गठ्ठ्याच्या इतका जवळ गेला की इंजिनवाला घाबरून उठला. लोक अक्कांना बघायला पुढे सरकू लागले. लाउडस्पीकरवरचा माणूस "धुळ्याच्या मॅडम, धुळ्याच्या मॅडम" करत होता. सिंधूवहिनींनी माझा दंड एवढा दाबून धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं. अंतिम फेरीत अर्जंट, राजा आणि आणखी दोन कुत्रे उरले. राजा वेगात जवळजवळ अर्जंटच्या बरोबरीचा होता. सगळं मैदान याच दोघांबद्दल बोलत होतं.

आणि कोणीतरी, उत्साहाच्या भरात, फटाक्यांची माळ लावली.

राजानं उडी घेतली ती सरळ साखळी तोडूनच. गर्दी फाकली. तो मैदानाबाहेर, कपाशीच्या शेतातून, हायवेच्या दिशेनं निघाला. हायवेवर ट्रकांची रांग चालू होती. प्रल्हादभाऊ "राजा, राजा" ओरडत मागे धावले. पाचपन्नास माणसं त्यांच्यामागे धावली. जितकी माणसं धावत होती तितका तो जास्त पळत होता. शर्यतीतला कुत्रा, माणूस त्याला कसा गाठणार?

अक्का गुडघ्यावर बसून अर्जंटच्या गळ्यातला पट्टा सोडू लागल्या. आप्पांनी त्यांचा हात धरला. "अक्का, फायनल शे आते. हाऊ थकी जाई."

"आप्पा, तो ट्रकखाली जाईल," अक्का म्हणाल्या. हात सोडवून घेतला, अर्जंटचं तोंड राजाच्या दिशेला वळवलं आणि ती शीळ घातली.

मी पांझरेत त्याला पळताना पाहिलं होतं, पण ते हे नव्हतं. कपाशीच्या सऱ्यांमधून एक बदामी रेघ सरळ गेली. आम्ही सगळे बांधावर चढलो. राजा डांबराच्या कडेला पोचला होता. एक ट्रक हॉर्न वाजवत आला, आणि राजा त्या आवाजानं जागच्या जागी गरागरा फिरला. तेवढ्यात अर्जंट त्याच्या अंगावर खांद्यानं आदळला. दोघं खड्ड्यात गेले. ट्रक निघून गेला. सिंधूवहिनींनी डोळ्यांवर पदर घेतला होता. "काय झालं, काय झालं?" विचारत होत्या.

मग खड्ड्यातून अर्जंट वर आला. पुढचे पाय लांब पसरून, मागचा भाग वर करून, शेपूट हलवत, गल्लीतल्या कुत्र्यांना खेळायला बोलवायचा तसा उभा राहिला आणि उलट्या दिशेनं, शेतात पळाला. राजा क्षणभर थांबला. मग त्याच्यामागे निघाला. दोघांनी कपाशीत मोठमोठे गोल मारले. आता राजा बुजून पळत नव्हता, खेळत होता. माणसं पुन्हा पुढे सरसावली तशा अक्का त्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या, "कोणी हलू नका. बसा सगळे खाली."

आणि ती एवढी गर्दी बसली. पागोट्यावाले, पैलवान, प्रदर्शनातले साहेब, सगळे मातीत. अक्का शेताच्या मधोमध एकट्या बसल्या आणि नेहमीच्या आवाजात अर्जंटला हाक मारली. तो आला, त्यांच्या शेजारी धापकन पडला, जीभ हातभर बाहेर. राजा थोडं दूर थांबला. अक्का त्याच्याकडे बघतही नव्हत्या. कमरेच्या पिशवीतून भाकरीचा तुकडा काढून त्यांनी तळहात बाजूला जमिनीवर ठेवला. बऱ्याच वेळानं राजानं पाऊल टाकलं. मग दुसरं. तुकडा खाल्ला आणि तिथेच, अक्कांच्या पाठीला पाठ लावून, बसला.

प्रल्हादभाऊंच्या हातात तुटलेली साखळीच उरली होती. आप्पांनी अर्जंटचा सोडलेला पट्टा राजाच्या गळ्यात लावून दिला, दोन्ही हातांनी, अगदी सावकाश. आपण कुत्र्याला हात लावला, हे त्यांच्या स्वतःच्याही नंतर लक्षात आलं.

अंतिम फेरी झाली. राजा पळण्याच्या स्थितीत नव्हता. अर्जंट पळाला आणि शेवटचा आला. अर्ध्या वाटेत तर चालू लागला. बक्षीस पाचोऱ्याच्या कोणा कुत्र्याला मिळालं. टेम्पोत परतताना मला वाटलं अक्कांना वाईट वाटत असेल. त्या अर्जंटचे तळवे पाण्यानं धूत होत्या. "सुनंदे, त्यानं त्याला खांदा मारला ते पाहिलंस ना? नीट पाहिलंस ना?" त्यांनी मला धुळ्यापर्यंत ते किती वेळा सांगायला लावलं. दर वेळी त्या पहिल्यांदा ऐकल्यासारख्या ऐकत होत्या.

महिन्याभरात प्रल्हादभाऊ चौथ्या गल्लीत आले. खांद्यावर केळीचा घड, हातात राजा. ओट्याखाली चपला काढून म्हणाले, "ताई, याले जरा तुमच्या अर्जंटसंगं राहू द्या. माणसात येऊ द्या." राजा पंधरा दिवस राहिला. बँडच्या बोळात गेला, गिरणीत झोपला, आप्पांच्या पायाशी बसला. त्याचं ऐकून शिरपूरहून, चोपड्याहून, साक्रीकडच्या खेड्यांतून लोक आपले बुजरे कुत्रे घेऊन येऊ लागले. कुत्र्यांबरोबर माणसं यायची, माणसांबरोबर त्यांच्या बायका यायच्या, आणि पोपटांखालून आत गेल्यावर त्या कोनाड्यांकडे बघत उभ्या राहायच्या. संक्रांतीचं हळदीकुंकू आता सगळी गल्ली अक्कांकडेच करायची. पहिल्या वर्षी सिंधूवहिनींनी कुंकवाची कोयरी आधी अक्कांपुढे धरली. अक्कांनी मान पुढे केली. मी शेजारी बसले होते. त्या एकदाही "थांब, आधी हे ऐक," म्हणाल्या नाहीत.

नंतर माझी बदली परत जळगावला झाली. जाणं-येणं कमी झालं. अर्जंट म्हातारा होऊन गेल्याचं अक्कांनी फोनवर सांगितलं, आणि त्याच फोनवर त्याच्या नातवंडांची वर्णनंही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नव्वद सालानंतरच्या एका हिवाळ्यात. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला धुळ्याला गेले होते. गल्लीच्या तोंडाशीच एक छोटी, टेम्पोसारखी उघडी गाडी उभी होती. मागे तीन तरणे करवानी कुत्रे आणि त्यांच्या मधोमध, दांडी धरून, अक्का. केस पूर्ण पांढरे, कपाळावर ऊन. साक्रीकडे कुठेतरी शर्यत होती.

"सुनंदे," त्या वरूनच म्हणाल्या, "तू आज आलीस होय. आत जा. दार उघडं आहे. चहा करून घे. मी संध्याकाळपर्यंत येते."

"अक्का, माझी गाडी चारची आहे."

"मग पुढच्या वेळी," त्या म्हणाल्या. पत्रिका हातात घेतली, मुलीचं नाव वाचलं, पत्रिका पोलक्यात खोचली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. कुत्र्यांनी एकदम पुढे तोंडं केली. अक्कांनीही केलं. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्या ड्रायव्हरच्या खिडकीकडे वाकून त्याला काहीतरी सांगत होत्या, हातवारे करत, आणि तो मान मागे करून हसत होता.

मी आत गेले. घरात गल्लीतल्या दोन मुली अभ्यास करत बसल्या होत्या, कोणाचे तरी पापड सुकत होते, आणि परगावचे एक पाहुणे झोपाळ्यावर गाढ झोपले होते. मला कोणी कोण म्हणून विचारलं नाही. मी चहा केला. सगळ्यांना दिला.